डुलूथचा उचलपूल बघायला जाताय? मग आधी जहाजाची वेळ बघा

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस-सेंट पॉलकडे राहणाऱ्या आपल्या लोकांकडे उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की एखाद्या वीकेंडला गाडी डुलूथकडे निघतेच. दीडशे मैलांच्या आसपास अंतर, अडीच तासांचा रस्ता, आय-३५ हायवे सरळ उत्तरेला नेऊन सोडतो, आणि शेवटच्या टेकडीवरून गाडी उतरायला लागली की समोर लेक सुपिरियर पसरलेला दिसतो, पलीकडचा काठ दिसतच नाही. आई-बाबा म्हणतात हा समुद्रच की, आणि तुम्ही सांगता की नाही, हे सगळं गोडं पाणी आहे, पृष्ठभाग धरला तर जगातलं सगळ्यात मोठं गोड्या पाण्याचं सरोवर. खाली बंदराच्या तोंडाशी चंदेरी पोलादी चौकट उभी दिसते, तोच एरियल लिफ्ट ब्रिज.

आता बहुतेक जण काय करतात, पुलाला लागून असलेल्या कॅनॉल पार्क भागात गाडी लावतात, पुलासमोर फोटो काढतात, फ्राइज खातात, दगड पाण्यात फेकतात आणि परत निघतात. पूल बघितला, छान आहे. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हा पूल थांबलेला असताना बघितला तर बघितलाच नाही असं समजा. तो हलतो तेव्हाच कळतो. आणि नुसता हलताना नाही, त्याच्याखालून हजार फुटांचं जहाज जात असताना. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, की ज्यांना एवढ्या लांब जायचंच आहे त्यांनी थोडी तयारी करून जावं.

सगळ्यात महत्त्वाचं एकच, दिवस पुलाभोवती आखू नका, जहाजाभोवती आखा. बाकी सगळं, जेवण, मत्स्यालय, बीच, त्याच्या आगेमागे बसतं.

आधी पूल काय आहे ते समजून घ्या

लेकमधून बंदरात शिरणाऱ्या कॅनॉलच्या दोन्ही काठांवर दोन उंच पोलादी मनोरे, वर त्यांना जोडणारी आडवी जाळी, आणि खाली रस्त्याचा ३८६ फूट लांबीचा तुकडा. हा तुकडा मधून दुभंगत नाही, एका बाजूला कलत नाही, आहे तसा आडवाच्या आडवा सरळ वर जातो. आपल्याकडे २०२५ मध्ये सुरू झालेला पांबनचा नवीन रेल्वेपूल याच जातीचा, फक्त तिथला उचलला जाणारा भाग ७२.५ मीटरचा आहे आणि इथला जवळपास ११८ मीटरचा, आणि इथला १९३० पासून चालू आहे.

वजन सुमारे १००० टन. एवढं वजन दोन-तीन मिनिटांच्या आत वर जातं कसं, तर दोन्ही मनोऱ्यांमध्ये काँक्रीटचे प्रचंड ठोकळे जाड केबल्सना टांगलेले आहेत, पूल वर जातो तसे ते खाली येतात. म्हणजे मोटरींना हजार टन उचलायचे नसतातच, तोल आधीच साधलेला असतो, त्यांना फक्त उरलेला फरक आणि घर्षण यांच्याशी काम असतं. सगळे जण मान वर करून पूल बघत असतात, तुम्ही एकदा तरी मनोऱ्याकडे बघा, रस्त्याच्या बाजूला तो राखाडी ठोकळा हळूहळू खाली उतरत येताना दिसतो आणि मग सगळं यंत्र एकदम डोक्यात बसतं. मुलांना हे दाखवाच, शाळेत पुलीचा धडा शिकलेलं मूल लगेच ओळखतं.

पूर्ण वर गेला की पाण्यापासून १८० फूट मोकळी जागा मिळते, खाली असताना जेमतेम १५ फूट.

आणि मधोमध जी छोटी खोली दिसते ना, ती ऑपरेटरची. पूल वर गेला की ती खोलीही वर जाते, माणसासकट. जहाजांचा सीझन असतो तोपर्यंत तिथं रात्रंदिवस कुणीतरी ड्युटीवर असतं. वर्षाला हा पूल साधारण ५००० वेळा उचलला जातो. हे देखावा म्हणून ठेवलेलं जुनं यंत्र नाही, रोजच्या कामाचा पूल आहे. पलीकडं मिनेसोटा पॉइंट नावाची सुमारे सात मैल लांब वाळूची पट्टी आहे, लोक तिला पार्क पॉइंट म्हणतात, तिथं घरं आहेत, आणि त्या लोकांना गावात यायला रस्ता हा एकच. पूल वर गेला की त्यांची गाडी थांबलीच, रेल्वेचं फाटक पडल्यासारखं. कामावर जायचं असो की दूध आणायचं असो.

थोडा इतिहास, कारण तो माहीत असला की बघण्यात फरक पडतो

हा कॅनॉल नैसर्गिक नाही. बंदरात शिरायचं मूळ तोंड तिकडं विस्कॉन्सिनच्या बाजूला, सुपिरियर नावाच्या शेजारच्या गावाकडं होतं, आणि डुलूथला आपला स्वतःचा दरवाजा हवा होता, म्हणून १८७०-७१ मध्ये त्यांनी वाळूच्या पट्टीतून सरळ कॅनॉल खणला. सुपिरियरवाल्यांनी कोर्टात धाव घेतली, आणि स्टे ऑर्डर पोचायच्या आत अख्खं गाव फावडी घेऊन खणायला बाहेर पडलं अशी गोष्ट तिथं अजून सांगतात. इतिहासकार ती गोष्ट मानत नाहीत, काम मुख्यतः गाळ काढणाऱ्या यंत्रानं झालं, पण दोन गावांची चुरस मात्र शंभर टक्के खरी होती.

कॅनॉल झाला आणि पट्टीवरची माणसं बेटावर राहिल्यासारखी अडकली. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात बर्फावरून चालत, आणि बर्फ धड गोठलेलाही नाही धड वितळलेलाही नाही अशा दिवसांत जिवाशी खेळ. मग पुलासाठी डिझाइनं मागवली तेव्हा १८९२ च्या सुमाराला वॉडेल नावाच्या इंजिनिअरनं रस्ता सरळ वर उचलायची कल्पना दिली, निवडही झाली, पण सरकारच्या युद्ध खात्यानं परवानगी दिली नाही. ती कल्पना त्यानं शिकागोला नेऊन बांधली. डुलूथमध्ये १९०५ ला जो झाला तो वेगळाच प्रकार होता, शहराचे इंजिनिअर थॉमस मॅकगिल्व्हरे यांनी फ्रान्समधल्या रूआँचा पूल बघून योजलेला. उंचावर पोलादी जाळी आणि तिच्या खाली टांगलेला एक मोठा पाळणा, त्या पाळण्यात घोडागाड्या, मोटारी, ३५० पर्यंत माणसं चढायची आणि पाळणा मिनिटभरात पलीकडं सरकायचा. रूआँला पाळणा केबल्सना टांगलेला होता, इथं सरोवरावरचा वारा लक्षात घेऊन पोलादी सांगाडाच वापरला. अमेरिकेतला तो त्या प्रकारचा पहिला पूल.

पुढं मोटारी वाढल्या, पाळणा पुरेना, आणि १९२९-३० मध्ये वरची जाळी आणखी उंच करून खाली उचलता येणारा रस्ता बसवला. गंमत म्हणजे हे काम ज्या कंपनीनं केलं तिची मुळं वॉडेलच्याच जुन्या कंपनीत होती. जवळजवळ चाळीस वर्षांनी त्याचीच कल्पना त्याच जागी उभी राहिली! २९ मार्च १९३० ला पूल पहिल्यांदा उचलला गेला. १९७३ ला तो अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत गेला. आज तुम्ही वर बघता ती जाळी १९०५ ची आहे आणि खालचा रस्ता १९३० चा, एकाच पुलात दोन पूल आहेत, हे उभं राहून नीट बघा, दोन्ही भाग डोळ्यांना वेगळे दिसतात.

जहाजाची वेळ कशी काढायची

हा भाग नीट वाचा, इथंच बहुतेकांचं चुकतं.

डुलूथला येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांचं वेळापत्रक नेटवर रोज मिळतं, "डुलूथ शिप शेड्यूल" असं शोधलं की येतं, आणि पुलाला लागूनच असलेल्या मेरिटाइम व्हिजिटर सेंटरमध्येही ते लावलेलं असतं. आदल्या रात्री एकदा बघा, निघायच्या आधी सकाळी परत बघा, आणि पोचल्यावर तिसऱ्यांदा बघा, कारण वेळा सरकतात. वारा, धुकं, धक्क्यावर आधीच दुसरं जहाज लागलेलं असणं, कशानंही तास-दोन तास पुढंमागं होतं. कधी जहाज बाहेर लेकमध्येच नांगर टाकून वाट बघत बसतं. किनाऱ्यावरून तुम्हाला लांब एक-दोन जहाजं नुसतीच उभी दिसली तर ती बहुतेक याच रांगेत असतात.

दुसरी गोष्ट, शेड्यूलमध्ये जहाज कुठल्या तोंडानं येणार ते बघा. वर सांगितलं तसं बंदराला दोन दारं आहेत, डुलूथ आणि सुपिरियर, आणि काही जहाजं सुपिरियरच्या बाजूनं ये-जा करतात, तिकडं हा पूल नाही. तुम्ही इकडं कॅमेरा लावून उभे आणि जहाज सात मैलांवरून आत निघून गेलं असं व्हायला नको.

तिसरं, फोनवर मरीनट्रॅफिकसारखं एखादं ॲप टाका. त्यात जहाज नकाशावर सरकताना दिसतं, नाव, लांबी, वेग सगळं. इकडं येणारं जहाज डुलूथपासून दहा-बारा मैलांवर आलं की धरून चला साधारण तासभर आहे, तेवढ्यात जेवण उरका, वॉशरूमला जाऊन या आणि जागा पकडा. निघून जाणाऱ्या जहाजाचं जास्त अवघड, धक्क्यावरून सुटलं की लवकरच कॅनॉलपाशी येतं, त्यामुळे ॲपवर ते हललेलं दिसलं की हातातलं सोडून निघाच.

जमलं तर हजार फुटी जहाज गाठा. ग्रेट लेक्सवर, म्हणजे सुपिरियरसकट पाच मोठ्या सरोवरांवर, अशी तेराच आहेत. सगळ्यात लांब पॉल आर. ट्रेगर्था, १०१३ फुटांच्या वर, १९८१ चं. त्याची रुंदी १०५ फूट आणि कॅनॉलची रुंदी ३०० फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना शंभर फुटांच्या आसपासच जागा उरते आणि तुम्ही त्या काठावर उभे असता. ही मोठी जहाजं फक्त या सरोवरांतच फिरतात, त्यांना लेकर म्हणतात. समुद्रापलीकडून येणारी असतात ती सॉल्टी, १९५९ ला सेंट लॉरेन्स सीवे झाला तेव्हापासून अटलांटिकवरून थेट इथपर्यंत येतात, २३०० मैलांहून जास्त आत. सॉल्टी आकारानं लहान असतात पण त्यांच्यावर परदेशी नावं, परदेशी झेंडे, डेकवर क्रेन, त्यामुळे त्यांचीही वेगळी मजा. त्या बहुतेक धान्य भरायला येतात. लेकर मुख्यतः लोहखनिजाच्या गोळ्या आणि कोळसा नेतात, चुनखडी आणतात. जहाज रिकामं आहे की भरलेलं हे ओळखायला पुढच्या टोकाला रंगवलेले आकडे बघा, ते खूपसे पाण्याबाहेर असतील तर रिकामं, बुडालेले असतील तर भरलेलं. मोठ्या जहाजात ६०,००० टनांच्या वर माल जातो, आणि तरी ते जवळपास आवाज न करता सरकतं.

आता सीझनचं. लेक सुपिरियरमधून खालच्या सरोवरांत जहाजं ज्या पाणदरवाजांतून जातात ते सू लॉक्स १५ जानेवारी ते २५ मार्च बंद असतात, त्यामुळे त्या काळात जहाजं जवळजवळ नसतातच आणि पूल नुसता उभा. हिवाळ्यात डुलूथ सुंदर असतं, लेकवरच्या बर्फासाठी जरूर जा, पण पुलासाठी नको. एप्रिलपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत कधीही चालेल. मला विचाराल तर सप्टेंबरचा शेवट सगळ्यात चांगला, टेकडीवरची झाडं रंगलेली असतात आणि गर्दी कमी झालेली असते.

कुठं उभं राहायचं

कॅनॉलच्या दोन्ही बाजूंना लेकमध्ये लांबवर गेलेले काँक्रीटचे धक्के आहेत, टोकाला दीपगृहं. सपाट आहेत, व्हीलचेअर, स्ट्रोलर आरामात जातं, दिव्यांचे सुंदर खांब आहेत. उत्तरेचा धक्का कॅनॉल पार्कच्या बाजूचा, सगळी गर्दी तिथं. पूल खाली असताना त्याच्या फुटपाथवरून चालत पलीकडं दक्षिणेच्या धक्क्यावर गेलात तर गर्दी एकदम निम्मी होते. चालताना खाली बघा, रस्ता पोलादी जाळीचा आहे, गाड्या त्यावरून गेल्या की एक लांब गुणगुण ऐकू येते, पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. पण जहाज जवळ आलेलं असेल तर पलीकडं जायच्या आधी विचार करा, एकदा घंटा वाजून फाटक पडलं की पूल खाली येईपर्यंत परत येता येत नाही, अर्धं कुटुंब इकडं आणि अर्धं तिकडं असं होतं.

जहाज येतं तेव्हा काय होतं ते क्रमानं सांगते म्हणजे काही निसटणार नाही. आधी पुलावर घंटा वाजायला लागते, फाटकं पडतात, माणसांना बाहेर काढतात. मग पूल वर चढतो. जहाज भोंगा देतं. पूल उचला असं सांगायचा भोंगा म्हणजे लांब-छोटा-लांब-छोटा, आणि नुसतं राम राम म्हणायचं असेल तर लांब-छोटा-छोटा. पूल तसाच भोंगा परत देतो. पुलाचा भोंगा रेल्वे इंजिनाचा आहे आणि जहाजाचा त्याहून खोल, तुम्ही धक्क्यावर असाल तर तो कानांच्या आधी छातीत जाणवतो, लहान बाळ बरोबर असेल तर कानांवर हात ठेवायला तयार राहा. कधी कधी कॅप्टन मोठा सलाम देतो, तीन लांब दोन छोटे, तेव्हा सगळा धक्का टाळ्या वाजवतो.

मग ती भिंत येते. जहाज म्हणून डोळ्यांत मावतच नाही, नुसती लालसर-तपकिरी पोलादी भिंत तुमच्यासमोरून सरकत राहते, तिच्यावरचे पोचे दिसतात, कुठं कुठल्या धक्क्याला घासून रंग उडालेला दिसतो, वेल्डिंगच्या शिवणी दिसतात, गंजाचे ओघळ दिसतात. वर कठड्याशी हेल्मेट घातलेला एखादा खलाशी उभा असतो, तुम्ही हात केलात तर तोही हात करतो, हाक मारली तर ऐकू जाते इतक्या जवळ. संपेल असं वाटतं आणि संपत नाही. मागून पाणी ढवळून निघतं, थोड्या वेळानं कॅनॉलच्या भिंतींवर लाटा चढतात. व्हिजिटर सेंटरच्या स्पीकरवर बऱ्याचदा जहाजाचं नाव, लांबी, माल सांगतात, आई-बाबांसाठी तेवढं भाषांतर करत राहा. माझं एक सांगणं, पहिलं जहाज फोनच्या स्क्रीनमधून बघू नका. व्हिडिओ दुसऱ्याचा घ्या.

फोटोच काढायचे असतील तर सकाळी लवकर धक्क्याच्या टोकाशी जाऊन गावाकडं तोंड करा, ऊन पाठीमागून येतं आणि पूल लख्ख दिसतो. संध्याकाळी सूर्य टेकडीमागं जातो, तेव्हा पुलाची नुसती काळी आकृती मिळते, तीही छानच, आणि अंधार पडला की पुलावर दिवे लागतात. अख्खं दृश्य एका नजरेत हवं असेल तर टेकडीवर एंगर टॉवरला जा. १९३९ चा दगडी टॉवर आहे, तिथून बंदर, पूल, पार्क पॉइंटची वाळूची पट्टी आणि लेक असा सगळा नकाशाच खाली मांडलेला दिसतो. पण पहिलं जहाज तिथून नको, पहिलं धक्क्यावरूनच.

हवा आणि धक्का, गंमत नको

जुलैमध्ये मिनियापोलिसला घाम गाळत निघाला असाल तरी प्रत्येकाचं जॅकेट गाडीत पाहिजे. लेकचं पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं आणि वारा तिकडून फिरला की तापमान बघता बघता दहा अंशांनी खाली येतं. आई-बाबांना टोपी, कान झाकायला स्कार्फ, हे विसरू नका. धुकं आलं तर निराश होऊ नका, धुक्यातून भोंगा आधी ऐकू येतो आणि जहाज नंतर दिसतं.

वादळी वाऱ्यात मात्र धक्क्यावर जायचं नाही. अजिबात नाही. लाटा वरून धक्का धुवून जातात. ३० एप्रिल १९६७ ला अशाच लाटांनी तीन किशोरवयीन भाऊ इथून ओढून नेले आणि त्यांना शोधायला स्वतःला दोरीनं बांधून गेलेला कोस्ट गार्डचा एडगर कल्बर्टसनही परत आला नाही. त्याच्या नावाची पाटी तिथं लावलेली आहे, जाता-येता थांबून वाचा. त्याआधी पूल झाला त्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १९०५ ला, मटाफा नावाचं जहाज भर वादळात कॅनॉलमध्ये शिरताना धक्क्यावर आपटलं आणि किनाऱ्यासमोरच फुटलं. हजारो माणसं काठावर शेकोट्या पेटवून उभी होती आणि काहीच करता येत नव्हतं, नऊ जण थंडीनं गोठून गेले. त्या वादळानंतरच पुढं उत्तरेला स्प्लिट रॉकचं दीपगृह बांधलं गेलं, ते १९१० ला सुरू झालं. म्हणून नोव्हेंबरची वादळं बघायला जाणारे खूप असतात, तुम्हीही जा, पण लेकवॉकवरून, म्हणजे लेककाठच्या पायवाटेवरून, किंवा व्हिजिटर सेंटरच्या काचेमागून.

जहाजच नसेल तर

असं होतं. अख्ख्या दुपारी एकही जहाज नाही. तरी उन्हाळ्यात दिवसा शिडाच्या आणि लहान बोटींसाठी पूल दर तासाला आणि अर्ध्या तासाला उचलतात, म्हणजे बोट वाट बघत असेल तर घड्याळाचा काटा बाराला किंवा सहाला आला की उचलणारच. पूल तेव्हा पूर्ण वर जात नाही, बोटीला लागेल तेवढाच, पण यंत्र चालताना बघायला मिळतं. हाताशी वेळ असेल तर बंदरातून फिरवणाऱ्या बोटीचं तिकीट काढा, व्हिस्टा फ्लीट म्हणून आहे, पुलाखालून जाताना वर बघायचा अनुभव वेगळाच.

मेरिटाइम व्हिजिटर सेंटर फुकट आहे आणि ते नुसतं वॉशरूमसाठी वापरू नका. जहाजांची मॉडेल्स, जुन्या केबिन, पायलटहाऊस सगळं आहे, मुलं सुकाणू फिरवत बसतात. जवळच विल्यम ए. अर्विन नावाचं ६१० फुटांचं जुनं लेकर म्युझियम म्हणून उभं आहे, आत जाऊन बघता येतं, पण आत शिड्या आणि अरुंद जिने आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना बाहेरूनच दाखवा. त्याच्याजवळचा पायी जायचा छोटा निळा पूलही उघडतो, १९९१ चा, हा मात्र मधून दुभंगून दोन्ही बाजूंना वर होतो. म्हणजे पाच मिनिटांच्या अंतरात उघडणाऱ्या पुलांचे दोन प्रकार बघून होतात, इंजिनिअरिंगची आवड असलेलं कुणी बरोबर असेल तर हे चुकवू नका.

गाडी, खाणं आणि बाकीचं

कॅनॉल पार्कमध्ये पार्किंगला पैसे पडतात आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी अकरानंतर जागा मिळवणं म्हणजे चकरा. सकाळी दहाच्या आत पोचा, किंवा गाडी डाउनटाउनमध्ये लावून लेकवॉकवरून चालत या, चाल सुंदर आहे. जूनमध्ये ग्रँडमाज मॅरेथॉनचा वीकेंड असतो, शर्यत कॅनॉल पार्कमध्येच संपते, रस्ते बंद आणि हॉटेलं फुल, पळायला जाणार नसाल तर तो वीकेंड सोडा. गाडी घेऊन पुलावरून पार्क पॉइंटला जात असाल तर पुलावर फोटोसाठी थांबू नका, आणि बीचवर जायला म्हणून कुणाच्या घरासमोर गाडी लावू नका, तिथल्या लोकांना उन्हाळाभर हाच त्रास. टोकाकडं पार्क आहे, तिथं नीट पार्किंग आहे आणि बीच मस्त वाळूचा आहे.

खाण्याला रेस्टॉरंट भरपूर, पिझ्झा, सँडविच, बर्गर, मासे खाणाऱ्यांना स्मोक केलेला लेकमधला मासा जरूर. शाकाहारी आई-बाबांसाठी मात्र धपाटे, दशम्या, चटणी, दही असं घरून न्या आणि धक्क्याजवळच्या बाकावर बसून खा, तेवढ्यात जहाज आलं तर अर्धं जेवण टाकून हॉटेलमधून पळत बाहेर यावं लागत नाही. सीगलपासून डबा झाकून ठेवा, हातातली फ्राय उचलून नेतात. चहाचा थर्मास न्याच.

मुलांना किनाऱ्यावर अगेट शोधायला लावा, लालसर पट्ट्यापट्ट्यांचे दगड, उन्हाला धरले की कडा किंचित पारदर्शक दिसतात, मिनेसोटाचं ते राज्यरत्न आहे. ओले दगड बघा, कोरड्यात ओळखू येत नाहीत.

एका दिवसात जाऊन-येऊन होतं, पण जमलं तर एक रात्र राहा, कारण मुक्कामाला असाल तर जहाज रात्री अकराला आलं तरी चालतं, आणि रात्रीचं जहाज, सगळे दिवे लावून पुलाखालून येणारं, हे दिवसापेक्षा भारी असतं. दुसऱ्या दिवशी हायवे ६१ नं स्प्लिट रॉक करता येतं, साधारण तासाभराचा रस्ता. फक्त रविवारी दुपारनंतर अख्खं मिनेसोटा आय-३५ वरून दक्षिणेला परत निघालेलं असतं, म्हणून एकतर जेवायच्या आधी निघा नाहीतर सरळ रात्रीचं जेवण डुलूथलाच करून निघा.